वाशीतला आयरिश ऑर्केस्ट्रा: एका साउंडवाल्याचा अभिप्राय

मुलीने दोन तिकिटं हातात ठेवली आणि म्हणाली, “बाबा, शनिवारी ऑर्केस्ट्रा आहे, आयरिश. आजीला घेऊन जा.” आमच्या आयला ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते पक्कं ठाऊक. एक जण किशोरकुमार होतो, एक बाई लता होते, मागे ऑक्टोपॅड आणि मधेच कोणीतरी मिमिक्री करतो. नवरात्रात आमच्या गावातच असे दोन-तीन होतात. त्यामुळे ठेवणीतलं लुगडं नेसून ती तयार झाली आणि रिक्षात बसल्याबसल्या म्हणाली, “बाला, एक कोलीगीत बोलाला सांग त्यांना.”

मी काही बोललो नाही. आयरिश म्हणजे नेमकं काय, हे मलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे हा अभिप्राय किती मनावर घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. राहायला कोपरखैरणे गावात. बावीस वर्षं साउंड भाड्याने देतो. हळदी, साखरपुडे, गणपती, सोसायट्यांची हळदीकुंकवं. त्याआधी नऊ वर्षं बेंजो पार्टीत बेंजो वाजवला. पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही. माइक कळतो, ठेका कळतो आणि कोण मनापासून वाजवतोय नि कोण पाट्या टाकतोय एवढं कळतं. आय धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत विधी सुरू झाला की आधी हिचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, लागतो. वाद्य नाही, लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेत, गळा शाबूत आहे.

सभागृह वाशीतलंच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला तिथे अजून कामं मिळतात. तिकिटं ६००, १२०० आणि २००० रुपयांची. आमची १२००ची, नववी रांग. १७ मार्च हा आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकचा दिवस, त्याच्या पुढेमागे जगभर असे कार्यक्रम होतात, त्यातलाच हा. बाल्कनीला जायला नुसते जिने, लिफ्ट नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालचंच तिकीट घ्या.

पडदा उघडला आणि आय म्हणाली, “यवरी मानसा?” चाळीसेक जण होते. बहुतेक मुंबईतली तरुण पोरंपोरी, काळ्या कपड्यांत. व्हायोलिनं, चेलो, दोन मोठे डबल बास, बासऱ्या, हॉर्न, मागे टिंपनी म्हणजे मोठे नगारे. पुढे अर्धगोलात पाच खुर्च्या, त्यावर आयर्लंडहून आलेले पाहुणे. फिडल, हार्प म्हणजे तारांचं उभं वाद्य, बोवरान म्हणजे त्यांचा डफ, एक गाणारी बाई आणि पाइप वाजवणारा एक पन्नाशीचा माणूस, जो शेजारच्या टेबलावर टिनची शिट्टीही ठेवून बसला होता. त्यांची नावं मला लिहिता येत नाहीत. निवेदिकेने ती एका दमात उरकली आणि कार्यक्रमपत्रिका आमच्यापर्यंत यायच्या आत संपल्या होत्या. १२०० रुपये घेताय तर चार पानं जास्तीची छापा.

सुरुवातीचा तुकडा सात-आठ धुना एकत्र शिवलेला होता. विमानात बसल्यावर दार बंद होईपर्यंत जे वाजत असतं, तसं. स्वच्छ, गोड, आणि लक्षात एकही सूर राहिला नाही. दुसऱ्या तुकड्यापासून मी सरळ बसलो, कारण जिग सुरू झाली.

जिग म्हणजे तीन-तीनचे दोन झोके. आपल्याकडे दादरा म्हणा, हळदीच्या रात्री पोरं ज्यावर खांदे उडवतात तो ठेका म्हणा, त्याच घरातली. धुन दोन भागांची, प्रत्येक भाग आठ मापांचा, प्रत्येक दोनदा. म्हणजे मुखडा मुखडा, अंतरा अंतरा, की परत पहिल्यापासून. बेंजोवाल्याला हे सांगावं लागत नाही. फिडल म्हणजे व्हायोलिनच, दुसरं काही नाही. फरक वाजवण्यात. कागदावर ते सहा ठोके सारख्या अंतरावर लिहिलेले असतात. फिडलवाली वाजवायची तेव्हा पहिला जरा रेंगाळायचा, दुसरा चटकन पडायचा, तिसरा पुढच्याला ढकलायचा. मधे बोटाचा एक हलका टिचका, सूर असा ऐकूच येत नाही, नुसता खटका लागतो. त्याला ती मंडळी ‘कट’ म्हणतात. ती एकटी वाजवत होती तोवर माझा पाय थांबेना. मग मागची सगळी व्हायोलिनं सामील झाली आणि सहाच्या सहा ठोके पाम बीच रोडवरच्या दिव्यांसारखे एका रांगेत उभे राहिले. पाय थांबला.

पोरांचा दोष नाही, हे लिहून ठेवतो. ती कागदावर होतं ते बरोबर वाजवत होती. कंडक्टरही जाणता होता. भानगड अशी की ते संगीत कागदावर राहणारं नाहीच. घरी येऊन मुलीला विचारलं, तिने मोबाइलवर वाचून दाखवलं. १७९२ साली बेलफास्टला म्हाताऱ्या हार्पवाल्यांना गोळा करून त्यांच्या धुना लिहून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा बसवला होता. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्या म्हाताऱ्यांत एक सत्त्याण्णव वर्षांचा डेनिस हेम्पसन, तो तारा अजून नखांनी छेडायचा, जुन्या रीतीने. बंटिंगने लिहिलं म्हणून त्या धुना वाचल्या, नाहीतर गेल्याच होत्या. पण छापताना त्या पियानोवर बसतील अशा करून छापल्या. म्हणजे हा घोळ सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, वाशीतल्या पोरांना काय बोलायचं.

हार्पचं दुःख वेगळं. टर्लो ओ’कॅरोलनची एक धुन होती. हा माणूस १६७० ते १७३८ मधला, अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने डोळे गेले, मग हार्प शिकला आणि घोड्यावर बसून घरोघर फिरला. ज्याच्या घरी मुक्काम, त्याच्या नावाने एक नवी धुन. अशा दोनशेच्या वर आज वाजवल्या जातात. आपल्याकडच्या वासुदेवाला सरदारांच्या वाड्यात मुक्काम मिळाला असता तर कसं, तसं मला वाटलं. आयर्लंडच्या नाण्यांवर आजही हार्पच असते. एवढ्या मानाचं वाद्य, आणि इथे ते ऐकूच येत नव्हतं. बाई बोटं चालवताना दिसत होती, आवाज मात्र चेलोंचा. हार्पसमोर एकच माइक, तोही स्टँडवर, खोक्यापासून हातभर लांब, आणि शेजारी पाच व्हायोलिनं. अहो, पेटीला आपण दोन माइक लावतो. हार्पचा आवाज खालच्या लाकडी खोक्यातून येतो, माइक तिथे जवळ हवा.

बोवरानचंही तेच. बकऱ्याच्या कातड्याचा, आपल्या डफासारखा एका बाजूने उघडा. उजव्या हातात छोटी लाकडी दांडी, डावा हात आतून कातड्यावर. आतला हात दाबला-सोडला की सूर वरखाली होतो, डग्ग्यावर मनगट सरकवतो तसंच. सगळी मजा त्या आतल्या हाताची, आणि माइक पुढून. त्यामुळे मध्यंतरापर्यंत आम्ही नुसती टकटक ऐकली.

मध्यंतरात राहवलं नाही, मिक्सरवाल्याकडे गेलो. पंचवीसेक वर्षांचा पोरगा, घामाघूम. म्हणाला, “काका, दुपारी इथे दुसरा कार्यक्रम होता, आम्हाला साउंडचेकला चाळीस मिनिटं मिळाली. चाळीस वादक, चाळीस मिनिटं.” त्यावर मी काय बोलणार? मी गणपतीत यापेक्षा कमी वेळात केलंय, पण तिथे हार्प नसते. एवढंच सांगितलं, बोवरानचा माइक मागे घे आणि हार्पचा खाली. त्याने दोन्ही केलं. उत्तरार्धाला मी जे मार्क देतोय त्यातले दोन त्याचे.

समोसा ४० रुपये, गार. चहा बरा.

पूर्वार्धात ऑर्केस्ट्राने एक काम मात्र झकास केलं, ते राहिलं. लंडनडेरी एअर. ही धुन उत्तर आयर्लंडमधल्या लिमावाडी गावच्या जेन रॉस या बाईंनी टिपून घेतली आणि १८५५ साली ती छापून आली. ज्याच्याकडून ऐकली त्याचं नावही त्यात नाही. सगळे ज्याला अस्सल आयरिश गाणं म्हणून ओळखतात ते ‘डॅनी बॉय’चे शब्द तिला १९१३ मध्ये चिकटले, आणि ते लिहिणारा वकील इंग्रज! ही चाल संथ आहे, लांब सुरांची. तिथे खटके-झोके लागत नाहीत, सूर धरून ठेवायचा असतो, आणि एवढी व्हायोलिनं तो असा काही धरतात की एका गळ्याला जमणार नाही. चेलोवाल्या मुलीने दुसऱ्या भागात चाल वर नेली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आय घोरत होती.

उत्तरार्धाची सुरुवात पाइपने. यांना उलिअन पाइप म्हणतात, उलिअन म्हणजे कोपराचे. स्कॉटलंडवाले गालफडं फुगवून वाजवतात तो हा नव्हे. यात तोंडाने फुंकायचं नसतंच. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी, मांडीवर सतत सूर धरणाऱ्या नळ्या, आणि पुढे बोटांनी वाजवायची नळी, तिचं तोंड मांडीवरच्या चामड्यावर टेकवलं की सूर तुटतो. वर आणखी चाव्या असलेल्या तीन नळ्या, त्या मनगटाने दाबायच्या. म्हणजे पेटीचा भाता, सनईची पत्ती आणि सनईबरोबर सूर धरून बसणारा जोडीदार, सगळं एका माणसाच्या अंगावर. युनेस्कोने २०१७ मध्ये या वादनाला वारसा म्हणून मान दिला. पठ्ठ्याला आधी तीन मिनिटं पत्तीशी झटापट करावी लागली. आतल्या पत्त्या बोरूच्या, हवा बदलली की त्यांचं डोकं फिरतं, आणि वाशीची खाडीची हवा त्यात एसी चालू-बंद. लोक खोकायला लागले. मला मात्र ती तीन मिनिटं आवडली. आमच्या सनईवाल्या काकांनी मांडवात कितीदा वऱ्हाड असंच ताटकळत ठेवलंय.

मग त्याने ‘द ब्रेंडन व्हॉयेज’मधले दोन भाग वाजवले. शॉन डेव्ही यांची ही रचना १९८०ची, आणि पाइप नि ऑर्केस्ट्रा यांची अशी मोठी जोडी त्याआधी कोणी बांधली नव्हती. तेव्हा पाइप वाजवला होता लिअम ओ’फ्लिन यांनी. गोष्ट खरी आहे. संत ब्रेंडन चामड्याच्या होडीतून अटलांटिक ओलांडून गेला असं जुनी पोथी सांगते. ते शक्य आहे का, हे बघायला टिम सेव्हरिन नावाच्या माणसाने बैलांची ४९ कातडी शिवून ३६ फुटांची होडी केली आणि १९७६ मध्ये आयर्लंडहून निघून १९७७ मध्ये कॅनडातल्या न्यू फाउंडलंडला लावली. निवेदिका इंग्रजीत सांगत होती, मी आयच्या कानात आपल्या भाषेत.

“चामऱ्याची होरी? बुरंल ना र ती!”

“नाय बुरली.”

“तेल पाजला असंल,” आय म्हणाली. बरोबर बोलली. कातड्यांना लोकरीतून निघणारी चरबी थापली होती.

या रचनेत पाइप म्हणजे होडी आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे समुद्र. ऐकताना हे कोणी सांगावं लागत नाही. मागून चाळीस जण लाटा उठवतात, आणि मधोमध तो एक चिरका, हट्टी आवाज खाली जातो, वर येतो. पूर्वार्धात हीच पोरं पाहुण्यांच्या बरोबरीने तीच धुन वाजवायला धडपडत होती. इथे त्यांना त्यांचं वेगळं काम दिलेलं होतं, आणि काय वाजवलंय! टिंपनीवाल्या पोराने तर वादळाच्या भागात हात सोडून वाजवलं. तिकिटाचे पैसे इथे वसूल.

आणि मग ती गाणारी बाई पुढे आली. कंडक्टरने काठी खाली ठेवली, पाण्याची बाटली उघडली. निवेदिका म्हणाली, शॅन-नोस. अर्थ, जुनी रीत. आयरिश भाषेतलं गाणं, साथ काही नाही. ही भाषा आता रोजच्या बोलण्यात मुख्यत्वे पश्चिमेकडच्या काही पट्ट्यांत उरली आहे, आणि हे गाणं तिथलं. बाईने डोळे मिटले आणि हात बाजूला सोडून गायला लागली. हावभाव नाही, आवाज वाढवणं-कमी करणं नाही. ओळ लांबवायची, एकेका अक्षरावर बारीक मुरकी, श्वास घ्यायचा तो भलत्याच जागी, शब्दाच्या मधेच. ठेका नाही. दुसऱ्या कडव्याला फिडलवाली उठली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिचा हात हातात घेऊन हळूहळू गोल फिरवायला लागली, जात्याच्या खुंट्यासारखा. तिकडे अशी पद्धतच आहे, ऐकणारा गाणाऱ्याचा हात धरतो.

मी आयकडे बघितलं. पाठ टेकवणं सोडून ती पुढे वाकली होती. घोरणारी बाई हीच का, असं वाटावं. शेवटची ओळ त्या बाईने गायलीच नाही, अर्ध्यातून साध्या बोलण्याच्या आवाजात सांगून टाकली आणि मान खाली घातली. सभागृहाला कळायला दोन सेकंद गेले की संपलं. आयला आधीच कळलं होतं.

“संपवलान कशी बग. बोलून.” मग मागच्या चाळिसांकडे बोट करून म्हणाली, “मंग यवरी मानसा कशाला बसवलीन?”

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून बघितलं. मी हसलो. कार्यक्रमावरचा याहून नेमका शेरा मी लिहू शकणार नाही, पण होडीच्या भागानंतर मला तो पूर्ण मान्यही नाही. आयशी रिक्षात या विषयावर बोललो, ती हटली नाही.

नंतरचं भराभर. एका रॉक गाण्याची ऑर्केस्ट्राने केलेली आवृत्ती, मुलीच्या वयाच्या पोरांनी मोबाइलचे दिवे लावले. निवेदिकेने आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड, त्यावर टाळ्या. मागच्या रांगेतून एक काका मोठ्याने म्हणाले, “वराड आमच्या गावच्या बाजूकच आसा.” त्यांनाही टाळ्या.

शेवट रिव्हरडान्सने, तो असणारच होता. ३० एप्रिल १९९४ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांची जागा भरायला बिल व्हीलन यांनी केलेला तुकडा, जो पुढच्या वर्षी अख्खा शो झाला आणि जगभर फिरला. चार नाचणारे होते. कमरेच्या वर सगळं स्थिर, हात अंगालगत, खाली पाय मशीनसारखे. बुटांच्या टोकांना आणि टाचांना कडक प्लॅस्टिकसारखं काहीतरी असतं, त्याचा तो खडखडाट. स्टेजवर लाकडी फळ्या टाकून त्यांच्याखाली माइक ठेवले होते, आणि ही एक गोष्ट मिक्सरवाल्याने पहिल्यापासून बरोबर केली होती. बोवरानचा खालचा सूर आता येत होता. पायांचा ठेका आणि कातडं एकमेकांत अडकले तेव्हा आमच्या रांगेतली सगळी डोकी हलत होती. व्हायोलिनांचं इथेही कागदी वाजवणं होतं, पण ही रचना मुळातच ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, त्यामुळे खटकलं नाही.

राष्ट्रगीत झालं. त्याआधी निवेदिकेने एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. जन गण मनची सुरावट १९१९ साली आंध्रातल्या मदनपल्लीला लिहून काढण्यात मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंचा हात होता. लिहिणारे सगळीकडे असतातच.

मार्क. पूर्वार्ध दहापैकी पाच, उत्तरार्ध साडेआठ. साउंडला चार, मध्यंतरानंतर सहा. बसायला आठवी ते बारावी रांग घ्या, स्टेजच्या डाव्या बाजूला, हार्प तिकडे असते आणि माइकवर भरवसा ठेवावा लागत नाही. २०००चं तिकीट घेऊ नका, पहिल्या चार रांगांत पुढच्या पाचांच्या पाठीमागचं काही दिसत नाही. आयोजकांना एकच विनंती, पुढच्या वेळी पाहुण्यांना निदान वीस मिनिटं एकटं सोडा. तिकडे ही मंडळी पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती बसून रात्रभर वाजवतात, कंडक्टरशिवाय. तसं बसवा. ऑर्केस्ट्राला तेवढा वेळ चहा प्यायला पाठवा, चांगला आहे तिथला.

बाहेर पडताना ती गाणारी बाई लॉबीत उभी होती, लोक फोटो काढत होते. आय काठी टेकत सरळ तिच्यापुढे गेली. मी अनुवादाला धावलो, पण आयने काही विचारलंच नाही. तिने त्या बाईचा हात धरला आणि धवल्याच्या दोन ओळी म्हटल्या, तिथेच, माणसांच्या गर्दीत, बऱ्यापैकी मोठ्याने. बाईने ऐकून घेतलं आणि मला इंग्रजीत विचारलं, हे कधी गातात? मी म्हटलं, लग्नात, हळद लावताना. तिने विचारलं, मग आता कोणाचं लग्न आहे? मी आयला सांगितलं. आय म्हणाली, “तिचा झाला नसंल तर बोल, बगू.”

हे मी भाषांतर केलं नाही.